बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडतो म्हणतोय

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एसटीत आगाराच्या वर्कशॉपला मेकॅनिक होतो. १९७८ ला लागलो, २०१३ ला ५८ पूर्ण होऊन रिटायर झालो. पस्तीस वर्षांत बिनपगारी रजा एकदाच पडली, वडील गेले तेव्हा. सेवापूर्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अजून चालतंय. पेन्शन महिन्याला दोन हजार दोनशे. दीड एकर रान आहे, त्यात ऊस असतो. पीएफची थोडी ठेव आहे. बायको ६५ वर्षांची, तिला बीपी आणि साखर दोन्ही. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मुलाच्या कंपनीच्या विम्यातून झालं.

मुलगा एकुलता एक, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. वय ४०. वीस वर्षं व्हायला आली नोकरीला. सून खासगी शाळेत शिकवते, पगार अठ्ठावीस हजार. नात नऊ वर्षांची. फ्लॅटचं कर्ज नुकतंच फिटलं. गणपतीत घरी आला होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि म्हणाला, "अण्णा, मी बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणार." मला वाटलं दुसरी धरणार असेल. तर दुसरीही नाही. लॅपटॉपवर तक्ता दाखवला. घरखर्च महिन्याला पासष्ट हजार. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पैसे साठले की माणसाला नोकरीची गरज उरत नाही, असा म्हणे हिशेब आहे. म्हणजे दोन कोटी. त्यातले एक कोटी पंचावन्न लाख जमलेत. मी विचारलं, मग करणार काय? म्हणाला, पहिलं वर्षभर काहीच नाही. मग बघू.

ताई, त्या "काहीच नाही"नं माझी झोप उडालीय. मी रिटायर झाल्यावर सहा महिने पहाटे साडेचारला उठून बायकोला डबा भरायला सांगायचो. सून म्हणाली, त्याच्या टीममधल्या तिघांना एका सकाळी व्हिडिओ कॉलवर काढलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे बसलंय. पण म्हणून चांगली नोकरी आपल्या हातानं सोडायची? गावात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर काय सांगू? तुम्ही बँकेत होता. दोन कोटी पुरतात का, तेवढं सांगा. तो आम्हाला दर महिन्याला बारा हजार पाठवतो, न चुकता. नोकरी सोडल्यावर आमचं काय, हे विचारणं बापाला शोभत नाही, म्हणून विचारलं नाही.
— एक वाचक, ता. कराड, जि. सातारा

उत्तर : दादा, नमस्कार. पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते, कारण मला तोच तुमचा खरा प्रश्न वाटतो. दोन कोटी पुरतात का, याचं उत्तर त्या ओळीवर अवलंबून आहे.

ते बारा हजार पासष्ट हजारांच्या आत धरलेत की बाहेर? तुम्हाला माहीत नाही, कारण विचारलं नाही. आत असतील तर ठीक. बाहेर असतील, म्हणजे पगार झाला की तो पहिल्या दिवशी परस्पर पाठवतो आणि उरलेल्याला घरखर्च म्हणतो, तर महिन्याचा खरा खर्च सत्त्याहत्तर हजार होतो. वर्षाचे नऊ लाख चोवीस हजार. त्याच्याच नियमानं त्याची पंचवीस पट केली तर दोन कोटी एकतीस लाख. एका न विचारलेल्या प्रश्नापायी एकतीस लाखांचा फरक पडतो. तुम्ही विचारलं नाहीत तर चुकीचा आकडा धरून तुमचाच मुलगा राजीनामा देईल. तेव्हा विचारणं शोभतं, दादा. अगदी सरळ विचारा.

दुसरी गोष्ट तर त्याच्या तक्त्यात नसणारच, मी खात्रीनं सांगते. ती म्हणजे वहिनींचा गुडघा. ते ऑपरेशन कंपनीच्या ग्रुप विम्यातून झालं. हा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तो जातो, आणि आई-वडिलांचाही जातो. त्यानंतर सदुसष्टाव्या वर्षी, बीपी आणि साखर असताना, नवी पॉलिसी काढायला गेलात तर हप्ता भरमसाठ आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायची अट. तुमची स्वतःची सोय त्यातल्या त्यात बरी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याचं वय वंदना कार्ड असतं. आधार कार्ड घेऊन जा आणि काढून घ्या. साताऱ्या-कराडातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत तेही तिथेच विचारा, कारण यादीबाहेर ते चालत नाही. पण वहिनींना सत्तरीला पाच वर्षं आहेत. त्यातली पहिली दोन कंपनीच्या विम्यात निघतील, राजीनाम्यानंतरची तीन वर्षं उघडी पडतात ती त्यांची.

म्हणून मुलाला सांगा, आईची स्वतंत्र पॉलिसी आजच काढ, राजीनाम्याच्या दिवशी नको. दोन वर्षं कंपनीचं छत्र डोक्यावर आहे तोवर नव्या पॉलिसीचा थांबायचा काळ सरत जाईल. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचीही वाट असते, अटी असतात, पण चौकशी नोकरीत असतानाच करायची. नंतर कुणी दारात उभं करत नाही.

आता पंचवीस पटीविषयी. हा नियम मी टाकाऊ म्हणणार नाही. विल्यम बेंगेन नावाच्या एका अमेरिकन सल्लागारानं १९९४ साली तो मांडला. पहिल्या वर्षी साठ्यातून चार टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईएवढी रक्कम वाढवायची, तर पैसे तीस वर्षं टिकतात, असं त्यानं तिथल्या १९२६ पासूनच्या बाजाराचे आकडे लावून दाखवलं. यात दोन शब्द नीट बघा : तिथल्या, आणि तीस वर्षं. साठीला रिटायर होणाऱ्यासाठी तीस वर्षं बेताची आहेत. तुमचा मुलगा बेचाळिसाव्या वर्षी थांबणार. पंच्याऐंशी धरलं तरी त्रेचाळीस वर्षं झाली, आणि त्याची बायको त्याच्याहून जास्त जगेल असंच धरून चालायला हवं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे पासष्ट हजार तो चोपन्नचा होईल तेव्हा दीड लाखाच्या आसपास गेलेले असतील. नातीचं बारावीनंतरचं शिक्षण आता नऊ-दहा वर्षांवर आलंय, ते वेगळंच.

मी हे पुस्तकी सांगत नाही. मी स्वतः यातून गेलेय.

२००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्याला अर्ज करता येत होता. नोकरीच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते मिळणार होतं. देशभरातून एक लाखाहून जास्त लोक त्यात बाहेर पडले. मी पंचेचाळीस वर्षांची होते. कॅशला बसून खांदा धरला होता, सासूबाई अंथरुणाला होत्या, मुलगा दहावीला. मी अर्ज केला. मी पेन्शन न घेता पीएफ ठेवला होता. घराचं कर्ज वळतं करून हातात आठ लाख आले. ठेवीला साडेदहा टक्के मिळत होते, म्हणजे महिन्याला सात हजार. आमच्या घराला तेवढे पुरत होते. मी वहीत पुढच्या पंधरा वर्षांचा तक्ता मांडला आणि व्याजाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत साडेदहा, साडेदहा, साडेदहा लिहीत गेले. शाईनं लिहिलं. मला वाटलंच नाही की तो आकडा हलेल. पीपीएफला बारा टक्के मिळण्याची आम्हाला इतकी वर्षं सवय होती!

२००४ ला ठेवीची मुदत संपली. मी माझ्याच जुन्या शाखेत, माझ्याच जुन्या काउंटरसमोर उभी होते. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं नव्या पावत्या काढल्या आणि माझ्याकडे न बघता काउंटरवरून सरकवल्या. दराच्या रकान्यात ५.७५ होतं. सात हजारांचे तीन हजार आठशे झाले. त्याच वर्षी ज्येष्ठ नागरिकांची नऊ टक्क्यांची योजना आली. साठ वर्षांची अट होती, स्वेच्छानिवृत्तांना पंचावन्नची सवलत होती. मी एकोणपन्नासची होते. त्या सोमवारपासून एका पतसंस्थेत अर्धा दिवस हिशेब लिहायला जाऊ लागले, ते पुढे अकरा वर्षं गेले.

नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. सासूबाईंची शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याजवळ होते, ती मला कुणी परत आणून दिली नसती. पण तक्ता चुकला होता. तुमच्या मुलाच्या तक्त्यातही असा एखादा रकाना असेल, वरपासून खालपर्यंत एकच आकडा लिहिलेला. ठेवीचा असेल किंवा म्युच्युअल फंडाच्या बारा टक्क्यांचा. तो शोधायला सांगा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता, त्याच ऑक्टोबरात तो आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. पगार चालू असलेल्यानं ते वर्ष दात-ओठ खाऊन काढलं. ज्यानं त्याच वर्षी नोकरी सोडली असेल, त्याला महिन्याच्या किराण्यासाठी पडत्या भावात युनिटं विकावी लागली असतील, आणि विकलेली युनिटं बाजार वर आला तरी परत येत नाहीत. तेव्हा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे तेवीस-चोवीस लाख, ठेवीत बाजूला हवा. तो दोन कोटींच्या आतला असो, पण ठेवीतच असो.

आता तुमची बाजू. तुम्हाला वाटतं मुलगा चांगली नोकरी हातानं सोडतोय. तुमच्या आणि माझ्या पिढीच्या कानाला "नोकरी सोडली" आणि "नोकरी सुटली" हे एकसारखेच ऐकू येतात. माझे मामा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. मामा पुढच्या वर्षी गावी आले ते एक ट्रंक आणि पाण्याचा पितळी तांब्या घेऊन. लोक विचारायचे, "काय, सुट्टीवर?" ते हो म्हणायचे. दोन वर्षं ते हो म्हणत होते. ज्यानं ते पाहिलं, त्याला चाळिशीतला घरी बसलेला पुरुष म्हणजे काहीतरी अघटित घडलंय असंच वाटणार. तुम्हाला वाटतंय त्यात चूक नाही.

पण त्याच्या बाजूनंही बघा. तुम्ही एकदा कायम झालात, मग पस्तीस वर्षं तुम्हाला कुणी हलवलं नाही. बदली झाली असेल, साहेब वाईट मिळाला असेल, पगार उशिरा झाला असेल, पण उद्या सकाळी आगारात आपलं नाव असेल याची खात्री होती. त्याला ती एक दिवसही मिळालेली नाही. त्या तिघांना काढलं तेव्हा चौथा आपण असू शकलो असतो, हे त्याला कळलं. तुम्ही ज्याला पेन्शन म्हणता, तेच तो स्वतःच्या हातानं बांधू बघतोय. तुमच्याइतकीच त्यालाही दुसऱ्याच्या मर्जीवर दिवस काढायची भीती वाटते.

शिवाय नोकरीत टिकून राहिला तर म्हातारपणी काय मिळणार, तेही बघा. तुमची दोन हजार दोनशेची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली आहे, ईपीएसची. तुमचा मुलगाही त्याच योजनेत आहे. २०१४ नंतर त्यात पेन्शनसाठी धरायचा पगार पंधरा हजारांवर थांबवलाय, त्याआधी साडेसहा हजार होता. वीस वर्षांच्या नोकरीवर ढोबळ मानानं त्याला साडेतीन हजारांच्या आसपास बसतील, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. आज दीड-दोन लाख पगार घेणाऱ्याला! म्हणजे त्याला आपली पेन्शन आपणच करायची आहे, चाळीसला करो की अठ्ठावन्नला. एवढं सांगा मात्र, की दहा वर्षं पूर्ण झाली आहेत, आता ती पेन्शन मोडून पैसे मिळत नाहीत. राजीनामा दिल्यावर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी नोकरीची वर्षं नोंदवलेला दाखला, घेऊन ठेव. साडेतीन हजार थोडे असले तरी मरेपर्यंतचे आहेत, आणि त्याच्यामागे बायकोला निम्मे चालू राहतात.

आता मला तुमच्या पत्रात खटकलेली गोष्ट. तुम्ही मुलाचं म्हणणं लिहिलंत, तुमचं लिहिलंत. सुनेचं काय म्हणणं आहे? ती फक्त मुलाच्या मनातलं तुम्हाला सांगताना दिसते. आणि गंमत नाही, पण सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. ती शिकवत राहिली तर पासष्टातले अठ्ठावीस ती आणते, साठ्यातून काढायचे राहतात सदतीस. दोन कोटींतून वर्षाला साडेचार लाखांच्या आत. म्हणजे सव्वादोन टक्के. हे चार टक्क्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, या हिशेबावर मी स्वतः सही करीन. पण मग ही दोघांची निवृत्ती नाही, एकट्याची आहे. तो घरी आणि ती सकाळी सातला स्कूटरवर. ते तिला मान्य असेल तर उत्तम. कदाचित तिला शिकवायला आवडत असेल. कदाचित तिलाही त्या तक्त्यात स्वतःची सुटका दिसत असेल आणि बोलायची सोय नसेल. खासगी शाळेतल्या नोकरीची शाश्वती काय, हेही तिलाच माहीत. तिला विचारल्याशिवाय तुम्ही दोघं बाप-लेक कितीही बोललात तरी उपयोग नाही.

आणि बदल्यात घरात कोण काय करणार, तेही ठरू दे. डबा, नातीचा अभ्यास, दवाखाने. चाळिशीतला पुरुष घरी राहिला आणि स्वयंपाकघर तसंच बायकोच्या अंगावर राहिलं, असं मी पाहिलंय. ते टिकत नाही.

"वर्षभर काहीच नाही" याची मात्र मला तुमच्याइतकी भीती वाटत नाही. वीस वर्षं अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाला मीटिंगला बसणारा माणूस थकलेला असतो. तुम्हाला सहा महिने साडेचारला जाग येत होती, त्याला सहा महिने झोप काढू दे. तुम्हीही रिटायर झाल्यावर काहीतरी शोधलंच असेल. आगारातला मेकॅनिक गावात बसला म्हणजे कुणाची तरी मोटर, कुणाचा तरी ट्रॅक्टर दारात येतोच. मला विचाराल तर त्यानं एकदम राजीनामा न देता आधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागावी. कंपनीनं दिली तर त्या तीन महिन्यांत तक्त्यातल्या पैशांवरच घर चालवून बघावं. पासष्ट हजारांत भागतं की घरी बसल्यावर खर्च वाढतो, हे कळेल. माझा वाढला होता. दुपारी घरी असलेल्या माणसाकडे लोक येतात, चहा होतो, कुणाचं तरी काम निघतं.

लोकांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंत. मला २००१ मध्ये मंडईत एका ओळखीच्या बाईंनी मोठ्यानं विचारलं होतं, "काढलं का हो बँकेतून?" मी गवारीची पिशवी हातात धरून म्हटलं, "नाही, मी सोडली." घरी येऊन रडले, ते खरं आहे. आठवड्यानं त्याच बाई त्यांच्या दिराच्या स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेचं काय करावं ते विचारायला आल्या. तुम्हीही "सोडली" म्हणा, "सुट्टीवर आहे" म्हणू नका. मामांनी दोन वर्षं जे केलं, ते तुमच्या मुलाच्या वाट्याला येऊ देऊ नका.

दिवाळीत तो येईल तेव्हा लॅपटॉपवर नको, तक्त्याची कागदावर प्रिंट आणायला सांगा. चौघं बसा, सुनेला पेन्सिल द्या. घरखर्चाच्या खाली "अण्णा-आई, बारा हजार" ही ओळ तुमच्या हातानं लिहा, आणि त्याखाली वहिनींच्या विम्याचा हप्ता. तुमची पेन्शन, उसाचे पैसे, पीएफची ठेव, सगळं त्यालाही आकड्यांत सांगा, कारण मला वाटतं त्यालाही ते नक्की माहीत नाही. कदाचित तुम्हाला बारा हजार लागतही नसतील, आठ पुरत असतील. खोडून-लिहून तयार झालेला कागद मला पाठवलात तर मी बेरजा तपासून देईन.